ठाणे खाडीच्या भरतीची वेळ ॲपशिवाय कशी काढावी

ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला निघालेला माणूस आज भरतीची वेळ मोबाईलवर पाहतो आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु त्या ॲपने खाडीचे पाणी पाहिलेले नसते. बंदरावर दीर्घकाळ घेतलेल्या नोंदींवरून काढलेले स्थिरांक आणि चंद्रसूर्यांच्या गती यांच्या आधारे केलेले ते भाकीत असते. हे गणित ढोबळमानाने स्वतः करता आले, म्हणजे पडद्यावरचा आकडा केव्हा मानावा आणि केव्हा त्याविषयी शंका घ्यावी, हे ठरवता येते. त्यासाठी लागते ते भिंतीवरचे कालनिर्णय आणि पाऊणकीचा पाढा.

कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशेब असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, अंक 1 ते 15 असाच धरावा, म्हणजे अमावास्याही पंधरावीच. वद्य चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे तीनच्या सुमारास भरती. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असल्याने दुसरी भरती दुपारी साडेतीनच्या जवळपास येईल आणि दोन्हींच्या मध्ये, सकाळी नऊ-सव्वानऊला, ओहोटी पूर्ण झालेली असेल. एखाद्या दिवशी तिथी मध्येच बदलत असेल तर तिची समाप्तीची वेळ पाहून, आपल्याला हव्या त्या प्रहरी चालू असलेली तिथी घ्यावी.

पाऊणपटच का, हे समजून घेतले तर या नियमाच्या मर्यादाही आपोआप कळतात. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे तो रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तेवढीच लांबते. चांद्रमासात 30 तिथी असतात. 24 तासांना 30 ने भागले की तिथीमागे 48 मिनिटे येतात. तोंडी हिशेबाला 45 मिनिटे, म्हणजे पाऊण तास, सोयीचे पडतात. या सवलतीमुळे पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येते, तर 48 मिनिटांनी मोजल्यास बारा. शिवाय उशिराची ही सरासरी रोज सारखी नसते: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती रोज थोडीच लांबते आणि अष्टमीच्या आसपास बरीच जास्त. म्हणून या हिशेबात तासाभराची चूक संभवते, हे गृहीत धरूनच तो वापरावा. माझ्या मते हा दोष नाही. चूक कोणत्या दिवशी वाढणार हे ज्याला सांगता येते, त्याला नियम खरोखर कळला आहे.

वेळेनंतर पाण्याची उंची. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत आल्याने उधाणाची भरती येते, तर अष्टमीला ती काटकोनात असल्याने भांगाची, म्हणजे कमी चढणारी. मात्र सर्वांत मोठे उधाण त्याच दिवशी न येता साधारण एक-दोन दिवसांनी येते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक साडेतीन ते चार मीटर आणि भांगाला दीड मीटरच्या जवळपास असतो. दिवसातील दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात.

पाणी कसे चढते, हेही मनात पक्के असावे, कारण नवखा माणूस येथेच फसतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सुमारे सहा तासांत पाणी एका वेगाने वाढत नाही. एकूण उंचीचे बारा भाग केले तर तासागणिक अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक भाग पाणी चढते. फरक चार मीटरचा असेल, तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढते आणि तिसऱ्या व चौथ्या तासात मिळून दोन मीटर. फ्लेमिंगो उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात, म्हणून चढते पाणी त्यांना किनाऱ्याकडे सरकवते तेव्हा ते काठावरून जवळ दिसतात. भरती पूर्ण झाली की त्यांतील बरेच नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांकडे उडून जातात. बोटीला मात्र पाणी लागते, म्हणून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या फेऱ्या भरतीच्या वेळेवर अवलंबून असतात.

सराव करायला सर्वांत चांगली जागा म्हणजे रोजची लोकल. हार्बर मार्गावर मानखुर्द-वाशी दरम्यान किंवा मध्य रेल्वेवर ठाणे-कळवा दरम्यान खाडी ओलांडण्यापूर्वी तिथी आठवावी, पाणी चढते असेल की उतरते याचा अंदाज मनात बांधावा आणि मग खिडकीतून पाहावे. तिवरांच्या खोडांवर ओल्या चिखलाची रेघ पाण्याच्या वर दिसत असेल, तर पाणी उतरत आहे. वारा फार नसेल तर पुढून नांगरलेली होडी प्रवाहाकडे तोंड करून राहते: नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, समुद्राकडे असेल तर भरती, ठाण्याकडे असेल तर ओहोटी. एक पूर्ण पक्षभर अंदाज आणि प्रत्यक्ष स्थिती वहीत शेजारीशेजारी लिहावी. ॲप त्यानंतर उघडावे.

ॲप उघडल्यावर आधी ठिकाणाचे नाव पाहावे. वेळ अपोलो बंदराची असेल, तर खाडीच्या ठाण्याकडील टोकाला भरती त्याहून उशिरा पोहोचते. दुसरे म्हणजे उंचीचा आकडा सागरी नकाशाच्या शून्य पातळीपासून मोजलेला असतो. साडेचार मीटर म्हणजे रस्त्यावर साडेचार मीटर पाणी नव्हे. तिसरे, त्या भाकितात वारा, हवेचा दाब आणि पाऊस धरलेले नसतात. नवी मुंबईत सखल भागातील पावसाचे पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला खाडीत सोडण्याची रचना आहे आणि भरतीच्या वेळी झडपा बंद राहतात. त्यामुळे जुलैमध्ये द्वितीया-तृतीयेच्या दुपारी मुसळधार पाऊस पडत असेल, तर घरून निघण्याचा निर्णय भरतीच्या आकड्यासोबत पावसाचा जोर पाहून घ्यावा.

या हिशेबाच्या भरवशावर चिखलात उतरू नये किंवा होडी काढू नये. चिखल कुठे खोल आहे, हे ना तिथी सांगते ना ॲप. ते चेंदणीच्या किंवा दिवाळ्याच्या कोळीवाड्यात विचारावे लागते.