घटस्फोटात धंद्याची वाटणी: सह्या करण्याआधी काय काय बघायचं

अर्धं-अर्धं मिळतं हे आधी डोक्यातून काढा. ते गोव्यात, तिथल्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, आणि तेही लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर. इकडे महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्याच्या 25 कलमाखाली पोटगी ठरते, शेअर नवऱ्याच्या नावावर असतील तर ते त्याचेच, म्हणजे जे काही पदरात पडायचं ते वाटाघाटीत.

आयटीआर, बँक स्टेटमेंट, डिमॅट, फ्लॅटचं अॅग्रीमेंट, झेरॉक्स काढा, पुढे. स्त्रीधन तुमचंच, पण सोनाराच्या पावत्या शोधा.

कंपनीचे बॅलन्स शीट पाच वर्षांचे तरी घ्या. एमआयडीसीतला प्लॉट पुस्तकात घेतला त्या वर्षाच्या किमतीला पडलेला असतो, आजचा भाव तिथे दिसतच नाही, म्हणून व्हॅल्युअर आपला लावा, कंपनीच्या सीएच्या ओळखीतला नको. दिराच्या फर्मला गेलेले पैसे, भांडण सुरू झाल्यावर अचानक घटलेला नफा, यावर बोट ठेवा. पोटगीच्या केसमध्ये 2020 च्या रजनेश-नेहा निकालापासून दोघांना मालमत्तेचं अॅफिडेव्हिट द्यावंच लागतं. त्यात देण्यांचाही रकाना असतो, मी तो कोरा सोडला होता, तुम्ही सोडू नका.

कारण गॅरंटी! धंद्यासाठी सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, बँकेचं खेळतं कर्ज) घेताना पेन्सिलीने फुल्या मारलेल्या कागदांवर बायकोच्या सह्या घेतात ना, ती पर्सनल गॅरंटी असते. आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये (संमतीने घटस्फोट घेताना ठरलेल्या लेखी अटी) ‘सर्व कर्जे पती फेडेल’ असं छान लिहिलेलं होतं, पण बँक त्या करारात नसतेच, आणि करार कायद्याच्या 128 कलमाप्रमाणे गॅरंटरवर कर्जदाराइतकीच जबाबदारी. डिक्रीनंतर, म्हणजे घटस्फोटाच्या हुकमानंतर, खातं एनपीए झालं, म्हणजे कर्ज थकलं, आणि नोटीस माझ्या नव्या पत्त्यावर. तेव्हा सॅन्क्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) मागा, गॅरंटरमध्ये नाव बघा, सिबिल रिपोर्ट काढा. गॅरंटीतून मुक्त केल्याचं बँकेचं पत्र घ्या, लेखी. मॅनेजर ‘होऊन जाईल मॅडम’ म्हणतो, त्याची बदली होते, सही तुमचीच राहते. आणि हे सेकंड मोशनच्या (संमतीच्या घटस्फोटातली कोर्टाची दुसरी, शेवटची फेरी) आधी, नंतर समोरच्याला कसली घाई? वाटणीत मिळणारा फ्लॅट त्याच लोनला गहाण नाही ना, तेही बघा, असेल तर गॅरंटीच्या पत्राबरोबर तोही सोडवून घ्या.

डायरेक्टर असाल तर राजीनामा देऊन थांबू नका, डीआयआर-12 (डायरेक्टर बदलल्याचा फॉर्म) भरला गेला का ते एमसीएच्या (केंद्राचं कंपनी खातं) साइटवर स्वतः तपासा. पार्टनर असाल तर निवृत्तीची जाहीर नोटीस, आणि जीएसटीला महिन्याच्या आत कळवा, नाहीतर कळवेपर्यंतचा कर तुमच्याही डोक्यावर. यातल्या कशानेही गॅरंटी सुटत नाही, ती वेगळी, पुन्हा सांगते.

राहता फ्लॅट बक्षीसपत्राने नावावर होणार असेल तर डिक्रीच्या आधी करा, बायकोला दिला तर स्टॅम्प ड्युटी 200 रुपये, डिक्रीनंतर तुम्ही बायको नसता. इन्कम टॅक्सचं सीएला विचारा, मी त्यात पडत नाही.

बाकी नॉमिनी, एफडी, पीएफ, मुलांची फी, मेडिक्लेम (फ्लोटरमधून, म्हणजे कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीतून, नाव जातं, स्वतःची पॉलिसी आधी काढा). पैसे डीडीने, कोर्टात, जबाबाच्या दिवशी. पुढच्या तारखेचे चेक नकोत. बँकेचं पत्र आलं? नसेल तर वकिलाला तारीख मागायला सांगा.