करवंटीचा वाडगा कसा करायचा (आणि हे सांगणारी मी कोण, तेही)

आधी ओळख करून देते, मग करवंटीकडे वळू. माहेर गोव्यातल्या म्हार्दोळचं, सासर डिचोली तालुक्यातलं, दोन मुलं, एक सासूबाई, पडवीत एक जुनं टेबल आणि त्यावर सदैव तपकिरी भुकटी. छंद विचाराल तर क्रोशा येतो पण एकही टेबलक्लॉथ आजवर पूर्ण झालेला नाही, दिवाळीला आकाशकंदील घरीच करते, आणि देवळाच्या जत्रेला गावचं मराठी नाटक बसलं की स्टेजमागची रंगरंगोटी आणि दागिने माझ्याकडे असतात. एकदा दासीचं काम पण केलं होतं, तीन वाक्यं होती, त्यातलं एक विसरले, त्यानंतर मी मुकुटच बनवते.

हाताला वळण लागलं ते आईमुळे. म्हार्दोळ म्हणजे जायांचा, जाईच्या फुलांचा गाव, म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते ती तुम्ही ऐकली असेल, आणि आमच्याकडे लहानपणी पोरींना अक्षरं गिरवायच्या आधी फुलं गुंफायला यायची. देठ दाबायचा पण तुटू द्यायचा नाही, बस एवढंच आई सांगायची. करवंटीवर ब्लेड चालवताना मला अजून तेच आठवतं.

आता करवंटी. आमच्याकडे न्हाणीत अजून भाण आहे, तांब्याचं, खाली विस्तव घालून पाणी तापवायचं, आणि विस्तवाला करवंटीसारखं जळण नाही. त्यामुळे मी पहिल्यांदा चार करवंट्या बाजूला काढल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगो, मग भाणाखाली काय घालू, तुझी कला?" तर पहिली पायरी हीच, घरात ज्यांचा करवंट्यांवर हक्क आहे त्यांच्याशी तह करून घ्या. मी गंमत करत नाहीये, अर्धा कच्चा माल त्याच्यावर अवलंबून आहे.

नारळ निवडताना पूर्ण पिकलेला, सुका, तपकिरी घ्या. शहाळ्याची कवटी कोवळी असते, घासली की भुसभुशीत होते. कोकणात ज्याला बाणवली म्हणतात तो उंच जातीचा नारळ, नाव आमच्या सासष्टीतल्या बाणावली गावावरून पडलेलं, त्याची करवंटी जाड आणि दणकट मिळते. मी पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, येऊन गेला की दुसऱ्या दिवशी ढिगात बसते, सोडण (वरचं जाड साल) काढलेला नारळ हातात फिरवून बघते की गोल आहे का लांबट, लांबट असेल तर त्याची डोय (पळी) चांगली होईल, वाडगा नाही. बोटाने टिचकी मारून आवाज ऐका, बद्द आवाज आला तर आत तडा असण्याची शक्यता जास्त.

सामान फार नाही. बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड (हार्डवेअरवाल्याकडे एक्सो ब्लेड म्हणा, इंचाला २४ दातवालं मागा), एक जुनी सुरी, पॉलिश पेपर ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचा, पेन्सिल, जाड रबर बँड, खोबरेल तेल, सुती फडकं. आणि मास्क, हा ऐच्छिक नाही. करवंटीची भुकटी पिठासारखी बारीक असते, मी पहिल्या महिन्यात मास्क न लावता बसायचे आणि रात्री खोकत उठायचे, घरात सगळ्यांना वाटलं की थंडी बाधली.

शेंडी उपटा आणि नारळ अख्खा असतानाच बाहेरचा काथ्या खरवडा. बरेच जण आधी फोडतात मग खरवडतात, मला ते उलटं वाटतं, कारण अख्खा नारळ हातात नीट बसतो आणि अर्धी करवंटी सटकते. सुरीचं पातं आडवं धरून आपल्यापासून लांब खरवडायचं. जास्तच चिकट रेषा असतील तर तासभर पाण्यात टाका, काथ्या मऊ होतो. मग ८० नंबरच्या पेपरने एक हात फिरवा, एवढ्यातच आतली काळपट तपकिरी कांती दिसायला लागते आणि इथेच माणूस या कामाच्या नादी लागतो, मी लागले तशी.

कापणं. नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एकच मऊ, त्यात खिळा घालून पाणी काढून घ्या आणि प्या. मग रबर बँड बरोबर मध्यावर चढवा, त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा, बँड काढा. ब्लेड रेघेवर ठेवून हलकेच ओढा आणि नारळ थोडा थोडा फिरवत जा, एकाच जागी खोल जायचं नाही, गोल फिरून परत त्याच जागी यायचं, असे चार-पाच फेरे झाले की खाच सगळीकडे सारखी होते. आत खोबरं असल्यामुळे कवटीला आधार मिळतो आणि ती तडकत नाही. शेवटी खाचेवर कोयत्याच्या पाठीने दोन-तीन टोले, नारळ फिरवत फिरवत. देवासमोर फोडतो तसा एका दणक्यात फोडलात तर कड वेडीवाकडी येते, मग ती सरळ करण्यात अर्धी करवंटी जाते.

खोबऱ्याचं काय? पुस्तकी पद्धत म्हणजे दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, खोबरं आकसतं आणि सुरीने सुटतं. आमच्या घरात हे चालत नाही कारण नारळ हुमणासाठी, म्हणजे माशाच्या आमटीसाठी फोडलेला असतो, वाडगा हा जोडधंदा. सासूबाई खवून घेतात, आतून थोडे ओरखडे पडतात, ते पेपरने जातात. उरलेली तपकिरी साल चमच्याच्या कडेने खरवडायची आणि करवंटी सावलीत एक दिवस वाळू द्यायची. ओली असताना घासायला बसलात तर पेपर चिकटून वाया जातो.

कुठला अर्धा भाग घ्यायचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. वाडग्याला बिनडोळ्यांचा. डोळ्यांचा भाग टाकू नका, मऊ डोळ्याचं भोक आयतंच असतं, दोरी बांधून त्यात छोटं रोप लावा, पाणी आपोआप निथळतं. माझ्या पडवीत अशा सात लटकवलेल्या आहेत, दोनमधलं रोप मेलंय पण करवंटी छान दिसते म्हणून तशीच आहे.

आता घासणं, आणि यात घाई करणाऱ्याचा वाडगा मला लांबून ओळखू येतो. ८० ने बाहेरचे उंचवटे सपाट होईपर्यंत, मग १२०, मग २२०, शेवटी ४००. नंबर बदलायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून उजेडात बघा, आधीच्या पेपरचे चरे दिसत असतील तर पुढे जाऊ नका, कारण ते बारीक पेपरने जात नाहीत, नुसते चकचकीत होतात. कडेसाठी ८० नंबरचा पेपर खरखरीत बाजू वर करून टेबलावर चिकटवा आणि वाडगा उपडा ठेवून गोल गोल फिरवा, कड एका पातळीत येते. मग कडेची धार बोटाने गोलसर करा. बाहेरून सगळेच चमकवतात, पण वाडगा हातात घेणारा माणूस आधी आत अंगठा फिरवतो, तिथे खरखरीत लागलं की परत ठेवतो, हे मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभी राहून बघितलेलं आहे. एका वाडग्याला माझे अडीच ते तीन तास जातात, त्यातले दोन नुसते घासण्यात, म्हणून रेडिओ लावून बसते.

बुड टेकत नसेल, म्हणजे वाडगा डुलत असेल, तर दोन उपाय. बुडाला थोडं घासून सपाट करा, पण जपून, करवंटीची जाडी असते किती, चार-पाच मिलिमीटर. नाहीतर दुसऱ्या करवंटीची दोन सेंटिमीटर रुंद कडी कापून खाली एपॉक्सी गोंदाने चिकटवा. मला दुसरा जास्त आवडतो, वाडग्याला जरा ऐट येते.

तेल. खोबरेल घ्या, फडक्याने आतबाहेर चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा, परत एकदा. बस. खाण्याच्या भांड्याला व्हार्निश नको. सुरवातीला मी चमक हवी म्हणून लावलं होतं, पहिल्या गिऱ्हाईकाने आठवड्यात परत आणून दिला, शेवेला वास येतो म्हणून, आणि खरंच येत होता. चरे भरायला फेव्हिकॉल आणि करवंटीची भुकटी कालवून लावतात ते शोपीसला ठीक, ज्यात खायचं त्यात नाही.

वापराचं पण सांगून ठेवते, कारण विकताना सांगितलं नाही की वाईटपणा आपल्याकडे येतो. उकळतं काही ओतू नका, मायक्रोवेव्ह नाही, पाण्यात भिजत ठेवायचा नाही, पटकन धुऊन पुसायचा. चिवडा, शेंगदाणे, मीठ, सोलं (आमसुलं) यासाठी उत्तम. एका बाईंनी गरम गरम हुमण वाढलं आणि वाडगा ताटातच उभा तडकला, फोटो पाठवला मला. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर बुरशी येणारच, मिरगाच्या आधी एकदा तेल चोळा, कपाटात बंद करू नका, वारा लागेल अशा जागी उघडा ठेवा.

विकायचा विचार असेल तर तासाचा हिशोब आधी लावा, मग किंमत सांगा. किनाऱ्यावर घासाघीस करणारे म्हणतात, नारळाची करवंटी तर फुकट असते. त्यांना मी पॉलिश पेपरचा तुकडा देते आणि म्हणते दहा मिनिटं घासून बघा. एकाने खरंच घासलं, मग दोन घेतले. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं हस्तकला कारागिरांसाठी 'पहचान' कार्ड असतं, ते काढून घ्या, सरकारी प्रदर्शनांसाठी अर्ज करताना हाताशी असलेलं बरं.

आणि तहाचं काय झालं ते राहिलंच. आता पाडेली येऊन गेला की पडवीत दोन ढीग लागतात, सासूबाईच लावतात, एक माझा, एक भाणाचा. माझा लहान असतो. पण परवा मी आत चहा ठेवत होते तर त्या बाहेर बसून एकेका नारळावर टिचकी मारून कान लावत होत्या, आणि एक मला दाखवून म्हणाल्या, "हा बद्द वाजतो गो, हा माझ्याकडे टाक."