सेल्फ फिरतोय पण बाईक सुरू होत नाही? या चुका टाळा

इंजिन घर्रघर्र फिरतंय पण पकडत नाहीये म्हटलं की आपण सगळे एकच करतो, अजून जोरात सेल्फ दाबून धरतो. सगळ्यात मोठी चूक हीच. पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचाच नाही, मग दहा-पंधरा सेकंद थांबायचं आणि तेवढ्यात जरा डोकं चालवायचं. नाहीतर मूळ बिघाड राहतो बाजूला आणि बॅटरी बसते, म्हणजे आता दोन दुखणी.

आधी किल स्विच बघा, म्हणजे हँडलवरचा इंजिन बंद करायचा लाल स्विच. हसू नका, मी एकदा भर उन्हात सीट काढली, प्लग (ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग) काढला, बोट भाजून घेतलं आणि मग शेजारच्या पोराने येऊन विचारलं, काका हा लाल स्विच असाच असतो का? काही गाड्यांमध्ये किल स्विच बंद असला की सेल्फही फिरत नाही, पण काहींमध्ये सेल्फ मस्त फिरतो, फक्त करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, बंद असतो, आणि तिथेच माणूस फसतो. साइड स्टँडचं पण तसंच, काही गाड्या तो खाली असताना सुरू होत नाहीत. गाडी नुकतीच आडवी पडली असेल तर इंजेक्शनच्या (पंपाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असू शकतो, गाडी सरळ उभी करून चावी एकदा बंद करून परत चालू करायची.

पेट्रोल आहे का हे काट्यावर विश्वास ठेवून ठरवू नका, झाकण उघडून टाकी हलवून बघा. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा सुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, त्यामुळे पेट्रोल खाली उतरतच नव्हतं. कार्बोरेटरवाली (इंजेक्शन नसलेली) असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद नाही ना बघा. इंजेक्शनवाली असेल तर चावी फिरवून कान द्या, बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक गुंइं आवाज येतो. आवाजच नाही तर आधी फ्यूज बघा, प्लग नंतर.

आता वासाचं. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा भपकारा येत असेल तर गाडी ओव्हर झालीय, म्हणजे इंजिनात जास्तीचं पेट्रोल साचलंय, आणि लोक नेमका तेव्हाच चोक ओढतात! चोक म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी दांडी, ती थंड इंजिनसाठी, गरम गाडीला चोक देऊन तुम्ही प्लग अजून भिजवताय. चोक बंद करा, एक्सलेटर पूर्ण पिळून धरा आणि थोडा सेल्फ मारा, जास्तीची हवा जाऊन आतलं पेट्रोल निघून जातं, बऱ्याच इंजेक्शन गाड्यांमध्येही पूर्ण एक्सलेटरवर पेट्रोल मारणं थांबतं. उलट थंड गाडीला चोक ओढून वर रेस देत बसणं पण चूक, चोक ओढल्यावर एक्सलेटर सोडायचा.

प्लग काढलात तर नीट बघा, तो बरंच सांगतो. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. एवढ्या वेळा फिरवूनही कोरडा ठणठणीत म्हणजे पेट्रोलच पोचत नाहीये, मग उगाच नवीन प्लग आणून काय होणार? करंट बघायचा तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. हातात धरून तर अजिबात नको, झटका चांगलाच बसतो. गाडी धुतल्यावर हा त्रास सुरू झाला असेल तर प्लगच्या कॅपमध्ये पाणी असणार, पुसून कोरडी करा.

अजून एक, सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे असं नसतं. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते, पण सेल्फ मारताना व्होल्टमीटरवर ती 10 च्या खाली घसरत असेल तर मोटर कशीबशी फिरते पण करंटला आणि इंजेक्शनला पुरेसं उरत नाही. मीटर नसेल तर सेल्फ दाबल्यावर डिस्प्ले विझून परत लागतोय का तेवढं बघा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला राव. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल सगळं एकदम बदललं आणि गाडी सुरू झाली तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळतच नाही, मग पुढच्या महिन्यात परत बंद पडली की पहिल्यापासून सुरुवात. पेट्रोल आहे, करंट आहे, फिल्टर साफ आहे, बॅटरी दमदार आहे आणि तरी इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भराभर फिरतंय, तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) गेलंय किंवा व्हॉल्व्हचा (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचा) गॅप बिघडलाय. इथे आपला पाना खाली ठेवायचा आणि गाडी मेकॅनिककडे न्यायची.