मेथोट्रेक्सेटपुढचं ‘रोज’

परळच्या एका रुग्णालयात मी ई-प्रिस्क्रिप्शनचा डेटा बघते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात; रोज घेतलं तर जिवावर बेततं. आणि रिपोर्टमध्ये काही नोंदींपुढे चक्क ‘रोज’! धस्स झालं. आधी फार्मसीतल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, दर वेळी डॉक्टरांना विचारूनच गोळ्या देते.” जीव भांड्यात पडला.

मग मूळ सापडलं. ‘किती वेळा’ या रकान्यात ‘रोज’ आपोआप भरलं जायचं. डॉक्टर ‘आठवड्यातून एकदा’ खाली शेऱ्यात लिहायचे. आता या औषधाला तो रकाना रिकामाच उघडतो, आणि वार निवडल्याशिवाय प्रिस्क्रिप्शन पुढे जात नाही. वारही पूर्ण लिहिलेला: सोमवार. तरी अशा ‘रोज’च्या नोंदी डेटातून शोधणारी क्वेरी मी दररोज सकाळी चालवते, सापडलेली यादी मॅडमकडे जाते.