वाईच्या घाटाचं प्रतिबिंब: फ्लिप मारण्याआधीची तयारी

फोटोशॉपसारख्या प्रोग्राममध्ये फोटो उघडला, लेअरची (एकावर एक ठेवलेल्या चित्राच्या थरांपैकी एकाची) कॉपी काढली, फ्लिप व्हर्टिकल दाबून ती वरची खाली उलटवली, खाली सरकवली, झालं पाण्यातलं प्रतिबिंब. यूट्यूबवरच्या निम्म्या व्हिडिओंत एवढंच सांगतात, आणि कॅलेंडरांवर, फ्लेक्सवर तसली चित्रं ढिगाने दिसतात. बघणाऱ्याला चूक दाखवता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला लगेच कळतं. कारण सोपं आहे. कॅमेऱ्याने जे पाहिलं तेच पाणी दाखवत नाही. पाणी स्वतःच्या जागेवरून, म्हणजे खालून, बघतं. खालची सगळी तयारी या एका फरकासाठी आहे. उदाहरणाला वाईचा गणपती घाट घेऊ: पुढे कृष्णेच्या पायऱ्या, मागे पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, त्यामागे डोंगर. समजा पाणी नेमकं गढूळ आणि हललेलं आलंय आणि तिथे स्वच्छ प्रतिबिंब हवंय.

सगळ्यात आधी फोटो निवडा, आणि निवडताना फक्त पायऱ्या बघा. समोरच्या काठावर उभं राहून काढलेल्या फोटोत पायरीचा पाय ठेवायचा सपाट भाग दिसतो आणि त्याखालचा उभा दगडही दिसतो. खऱ्या प्रतिबिंबात तो सपाट भाग दिसूच शकत नाही, कारण पाण्याच्या पातळीवरून वर बघितलं तर फक्त उभे दगड एकावर एक दिसतात. तुम्ही नुसती फ्लिप मारली की पाण्यात पायऱ्यांचे माथे उमटतात, आणि तिथेच चित्र फसतं. म्हणून चार-पाच फोटोंतून कॅमेरा सगळ्यात खाली, पाण्यालगत धरून काढलेला फोटो घ्या. कॅमेरा जितका खाली, तितकी नुसती फ्लिप खऱ्याच्या जवळ जाते. उंचावरून काढलेलाच फोटो हातात असेल तर पायऱ्यांचा पट्टा वेगळा कापून उलटा केल्यावर उंचीत थोडा दाबायचा, हे आत्ताच ठरवून ठेवा. स्वतः जाऊन फोटो काढणार असाल तर बॅगेत छोटा ट्रायपॉड टाका आणि पोलरायझर फिल्टर लेन्सवरून उतरवून ठेवा. पाण्यावरची चकाकी खाणं हेच त्याचं काम, आणि आपल्याला तर पाण्याचा नमुना म्हणून तीच हवी आहे.

फोटो उघडल्यावर लेन्स करेक्शन (लेन्समुळे वाकलेल्या रेषा सरळ करणं) करून घ्या आणि मग फोटो सरळ करा. इथे आळस नको. मूळ फोटो एक अंश कललेला असेल तर एरवी कुणाच्या लक्षात येत नाही, पण उलटी प्रत दुसऱ्या बाजूला एक अंश कलते आणि पाण्याच्या रेषेवर दोन अंशांचा कोन होतो. तो कुणालाही दिसतो. फोटोशॉपमध्ये रूलर टूलने, गिंप या फुकट प्रोग्राममध्ये मेझर टूलने पाण्याची कड मापून सरळ करा. उभ्या रेषांचंही तसंच. कॅमेरा वर रोखून काढलेल्या फोटोत देवळाच्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. उलट्या प्रतीत त्या खाली जाताना एकमेकींकडे झुकणार, आणि देऊळ मध्ये फुगलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं दिसणार. खऱ्या पाण्यात देवळाची कड आणि तिचं प्रतिबिंब एकाच सरळ रेषेत असतात. तेव्हा पर्स्पेक्टिव्ह आधी दुरुस्त करा, कॉपी नंतर काढा.

मग कापाकापी, आणि जास्तीत जास्त वेळ इथेच द्या. घाट, देऊळ, डोंगर आणि आकाश असे चार लेअर वेगळे करा. वेगळे का, तर प्रत्येकाची घडी, म्हणजे ज्या रेषेवर वस्तू उलटते ती रेष, वेगळ्या ठिकाणी पडते. घाटाची घडी पाण्याच्या कडेवर. देऊळ मात्र पाण्यापासून मागे आहे. त्याची भिंत सरळ खाली पाण्याच्या पातळीपर्यंत उतरली असती तर फोटोत जिथे दिसली असती, त्या रेषेवर त्याची घडी, आणि ती रेष घाटाच्या कडेपेक्षा थोडी वर येते. डोंगर आणखी लांब, म्हणून त्यांची घडी जवळजवळ क्षितिजाच्या रेषेवर. याचा परिणाम असा की उलटं देऊळ वर सरकून घाटाच्या प्रतिबिंबामागे थोडं लपतं: पाण्यात शिखर पूर्ण दिसतं, पण खालच्या भिंतीचा काही भाग दिसत नाही. खऱ्या घाटावर जाऊन बघा, असंच असतं. मापं काढत बसायची गरज नाही. उलटं केलेलं देऊळ घाटाखालच्या लेअरमध्ये ठेवा आणि हाताने वर सरकवत न्या. डोळ्याला पटेल तिथे थांबा.

माणसांची यादी निराळी करा. पाण्यात पाय सोडून बसलेल्याची घडी त्याच्या पायांपाशी, वरच्या पायरीवर बसलेल्याची मागे. पाण्यावर तरंगणारी फुलं, पानं, निर्माल्य हे प्रतिबिंबाच्या वर राहतं, ते आधीच मास्क करून (न पुसता झाकून) बाजूला ठेवा. आणि काठ सरळ आहे ना, ते पाहा. वाईजवळच मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. तिथे सरळ रेषेवरची फ्लिप चालणारच नाही, चित्र वाकवणाऱ्या वॉर्प टूलने ती काठाच्या वळणाला बसवावी लागेल. पहिल्या प्रयत्नाला असा घाट घेऊ नका.

कॅनव्हास खाली वाढवायचा, अँकर (मूळ चित्र कुठे टिकून राहील ती खूण) वरच्या मधल्या चौकोनावर ठेवून. उंची दुप्पट करायची गरज नसते. फोटोशॉपमध्ये मूळ लेअर स्मार्ट ऑब्जेक्ट (एकात बदल केला की सगळ्या प्रतींत होतो असा लेअर) करून मगच प्रती काढा, म्हणजे पुढे रंग बदलावेसे वाटले तर सगळं पुन्हा कापावं लागणार नाही. आकाश मोठं असेल तर सोळा बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा ठेवून, काम करा, नाहीतर हळूहळू बदलणाऱ्या रंगात पट्टे उमटतात.

उजेडाचंही आधीच ठरवा. सरळ वरून बघितलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत पाठवतं. नजर जितकी तिरपी, तितका जास्त. म्हणजे पलीकडच्या काठालगत प्रतिबिंब ठळक आणि आपल्या पायाशी येईपर्यंत विरळ, तिथे पाण्याचा स्वतःचा हिरवट-मातकट रंग वर आला पाहिजे. लेअर मास्कवरचा ग्रेडियंट (हळूहळू विरत जाणारी छटा) त्यासाठी. नुसतं सगळं काळपट करू नका: उजळ आकाश पाण्यात मंद होतं हे खरं, पण काळ्या दगडाचं प्रतिबिंब दगडापेक्षा किंचित उजळच दिसतं. उजळ-गडद बदलणाऱ्या कर्व्हमध्ये पांढरं टोक खाली आणि काळं टोक थोडं वर.

लाटांसाठी डिस्प्लेस फिल्टरचा नकाशा लागतो, म्हणजे चित्राचा कुठला भाग किती सरकवायचा हे छटांनी सांगणारं राखाडी चित्र. राखाडी कॅनव्हासवर नॉइज (बारीक दाणे), त्यावर आडवा मोशन ब्लर (एका दिशेने फराटा), मग पर्स्पेक्टिव्हने खालची बाजू ताणायची, म्हणजे लांबच्या लाटा बारीक आणि जवळच्या मोठ्या होतात. या नकाशात १२८ची (बरोबर मधली) राखाडी छटा म्हणजे जागचं हलायचं नाही. त्याहून गडद आणि उजळ छटा विरुद्ध दिशांना ढकलतात. फोटोशॉपला ही फाइल पीएसडीमध्येच (फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात) सेव्ह केलेली लागते, गिंपमध्ये त्याच चित्रातला लेअर चालतो. उभा आकडा मोठा आणि आडवा लहान ठेवा, कारण हलत्या पाण्यात प्रतिबिंब उभं ताणलं जातं. तयार लाटा काढणारा रिपल फिल्टर मला कधीच पटला नाही, सगळीकडे एकाच मापाची वळवळ होते.

डावं-उजवं बदलणारी फ्लिप हॉरिझॉन्टल इथे लागत नाही, पण कुणी ‘अर्धा फोटो आरशासारखा जोडून द्या’ म्हणालं तर आधी फोटोत काय आहे ते बघा. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला तर गिऱ्हाईक फ्लेक्स परत पाठवणार, आणि त्याचं बरोबरच असेल. डाव्या खांद्यावरचा पदर, शर्टाची बटणं, दुकानाची पाटी, मनगटावरचं घड्याळ, सगळं एकेक करून तपासा.

जुळवाजुळव झाली की पूर्ण चित्र १८० अंशात फिरवा. आता प्रतिबिंब वर आलं. ओळखीचं देऊळ उलटं झाल्यामुळे नजर आकारांकडे जाते आणि राहिलेले पायऱ्यांचे माथे, घडीवरची फट, अर्धवट कापलेली झाडाची फांदी चटकन सापडते. ते दुरुस्त करा, चित्र पुन्हा सरळ करा, लेअरसकट एक प्रत ठेवा आणि छापायला द्यायच्या प्रतीबरोबर ‘प्रतिबिंब एडिट केलेलं आहे’ असं गिऱ्हाइकाला लिहून कळवा. वर्तमानपत्राला किंवा फोटोस्पर्धेला हा फोटो पाठवायचा नाही, हेही त्यातच लिहा.