आजीच्या हातचा भुट्ट्याचा कीस पुन्हा जमवायचा असेल तर

आजीच्या वहीत किसाची, म्हणजे मक्याची कणसं किसून दुधात शिजवायच्या पदार्थाची, कृती एका ओळीत संपते: "भुट्टे सहा, दूध बेताचं, मिरच्या मुलं बघून." बाकीचं सगळं तिच्या हातात होतं. इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी पावसाळाभर हा कीस व्हायचा. सराफ्यातला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातला, मला आजही आवडतो, पण घरच्या किसाची चव निराळी होती आणि ती परत आणता येते, हे मी ठामपणे सांगते. आधी जिन्नस तेव्हाचा हवा, मग शिजताना बघणारा डोळा. प्रमाण सगळ्यात शेवटी.

सुरुवात भुट्ट्यापासून. हल्ली बाजारात पिवळा स्वीट कॉर्न सगळीकडे दिसतो. त्याच्या दाण्यात साखरेचं स्टार्च फारसं होत नाही, म्हणून तो गोड आणि पाणीदार असतो. किसाला अंगचा दाटपणा मात्र स्टार्चनंच येतो. नुसत्या स्वीट कॉर्नचा कीस गोडसर, चिकट होतो आणि मग लोक आपल्या हाताला दोष देतात. श्रावण-भाद्रपदात देशी भुट्टा मागून घ्या. गाडीवर शेगडीशी बसून भाजून विकणाऱ्यांकडे तो असतो आणि कच्चे मागितले तर ते देतात. दाण्यात नख रोवा. दुधासारखा रस आला तर घ्या, नुसतं पाणी आलं तर कोवळा, काहीच आलं नाही तर जून. त्याच दिवशी किसा, कारण तोडल्यानंतरही दाण्यातली गोडी उतरत जाते.

आता घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं कसं, ते सांगते. "दूध किती?" असं विचारलंत तर "अंदाजानं" हेच उत्तर मिळेल. माझ्या आत्यानं ऐंशी ओलांडली आहे. तिला मी विचारलं, "दूध घालायच्या आधी कढईत काय दिसायचं?" ती लगेच म्हणाली, "अगं, कडेनं तूप सुटायला लागतं आणि कच्चा वास जातो. मग दूध." असेच प्रश्न विचारा. भांडं कुठलं होतं, वास कधी बदलायचा, झाकण कधी पडायचं, शेजारच्या शेगडीवर काय असायचं. आमच्याकडे शेजारी दूध तापत असायचं, म्हणजे किसात पडणारं दूध गरमच असे. हे वहीत कोण लिहिणार?

मोजमापासाठी एक युक्ती. करणाऱ्या बाईचा हात अडवून चमच्यानं मोजायला लावू नका, हात बिचकतो आणि अंदाजही. तिला तिच्या सवयीनं करू द्या. तुम्ही आधी मिठाचा डबा, साखरेचा डबा, तुपाची बरणी, दुधाचं पातेलं वजनकाट्यावर ठेवून आकडे लिहून घ्या. झाल्यावर पुन्हा वजन करा. जो फरक येईल, तोच तिचा अंदाज.

आमच्या घरचा कीस असा: मध्यम आकाराचे सहा देशी भुट्टे परातीत किसणी उभी धरून किसायचे. भुट्टा फिरवत राहायचा आणि पांढरा दांडा लागला की थांबायचं. किसल्यावर दाण्याची सालं बरीचशी दांड्यालाच राहतात, म्हणून कीस मऊ होतो. मिक्सरमध्ये ती सगळी वाटली जातात आणि पोत जातो. हात दुखेल, पण किसणीच घ्या.

जाड बुडाच्या कढईत तीन मोठे चमचे तूप. मोहरी, ती तडतडली की जिरं, मग हिंग. आमच्याकडे खडा हिंग तुपात फुलवून चुरडत आणि मला तोच वास किसाचा वाटतो. वाटलेलं आलं, चार हिरव्या मिरच्या, चिमूटभर हळद. मग कीस घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परतायचा. इथे घाई केली की पुढे काहीही घाला, कच्चेपणा राहतो. तूप सुटलं की दीड वाटी गरम दूध थोडं थोडं घालायचं, मीठ आणि चमचाभर साखर घालून झाकण ठेवायचं. मधूनमधून ढवळायचं, पण बुडाशी जमणारी खरवड लगेच खरवडायची नाही. ती बदामी झाली की उलथन्यानं सोडवून किसात मिसळायची. त्या खमंगपणाशिवाय हा पदार्थ पुरा होत नाही. दूध आटून कीस मोकळा, ओलसर झाला की गॅस बंद. लिंबू त्यानंतरच, नाहीतर दूध फाटतं. कढई लोखंडी असेल तर कीस दुसऱ्या भांड्यात काढून मग लिंबू पिळा. वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि असलं तर जिरावण, म्हणजे इंदुरी चटपटीत मसाला.

एवढं करूनही चव जरा लांब वाटली तर वहीतलं "मुलं बघून" आठवा. आजी आमच्यासाठी मिरची कमी आणि साखर जास्त घालत असे. म्हणजे लहानपणची जी चव आपण शोधतो, ती मोठ्यांच्या ताटातल्यापेक्षा सौम्य आणि गोड होती. मिरच्या दोनवर आणा, साखर अर्धा चमचा वाढवा.

देशी भुट्टा मिळतच नसेल, तर स्वीट कॉर्नच्या दोन वाट्या किसाला मोठा चमचाभर बारीक रवा तुपात भाजून घाला, दूध निम्मं करा आणि साखर अजिबात नको. चव जवळ जाते, पूर्ण नाही.

विचारण्याची आणि वजनाची हीच पद्धत वरणफळांना, उकडशेंगोळ्यांना, आंबट वरणालाही चालते. फक्त करणारं माणूस घरात आहे तोवर वजनकाटा वापरून घ्या. आणि कीस उरला तर दुसऱ्या दिवशी त्यात मावेल एवढी ज्वारीची भाजणी, तीळ आणि कांदा घालून थालीपीठ लावा. वेगळं पाणी लागत नाही.