पारंपरिक भट्टीशिवाय घरच्या घरी लोखंड घडण्याजोगे तापवणे

लोखंड घडवायचे तर विटांची भट्टी, भाता आणि धुराडे असा सगळा पसारा हवाच, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात लोखंडाला दोनच गोष्टी लागतात : पुरेशी उष्णता आणि ती निसटू न देणारी बंदिस्त जागा. नवखा माणूस पहिल्या गोष्टीच्या मागे लागतो व दुसरीकडे दुर्लक्ष करतो, आणि घरगुती प्रयत्न बहुधा तिथेच फसतात. साध्या प्रोपेन टॉर्चच्या (सिलिंडरमधला प्रोपेन वायू जाळणाऱ्या हातातल्या बर्नरच्या) ज्योतीचे तापमान १,९०० अंश सेल्सिअसच्या घरात असते, म्हणजे पोलाद वितळते त्याहूनही बरेच जास्त. तरीही उघड्या हवेत त्या ज्योतीत धरलेली बोटाएवढी जाड सळई जेमतेम मंद लाल होते आणि त्यापुढे तापायचे नाव घेत नाही. तापलेला धातू स्वतःच उष्णता बाहेर टाकत असतो, आणि निरपेक्ष तापमान (उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेले) दुप्पट झाले की किरणोत्सर्गाने जाणारी ही उष्णता सोळा पट होते. त्यामुळे मोठा टॉर्च विकत घेण्याआधी त्याच टॉर्चभोवती नीट आडोसा करणे हा नेहमीच अधिक शहाणपणाचा आणि स्वस्त मार्ग ठरतो.

किती तापवायचे, हे रंगावरून ओळखावे लागते, आणि रंग सावलीतच खरा दिसतो. भर उन्हात नारिंगी तापलेली सळईसुद्धा काळपट भासते व माणूस ती आणखी तापवत राहतो. गडद लाल रंग साधारण ६५० ते ७०० अंशांना, लालभडक ७५० ते ८०० अंशांना, नारिंगी ९०० ते १,००० अंशांना आणि पिवळा १,१०० अंशांच्या पुढे दिसतो. कमी कार्बनचे साधे पोलाद नारिंगी ते पिवळ्या रंगात उत्तम घडते. कानशी किंवा स्प्रिंगसारख्या जास्त कार्बनच्या पोलादाला मात्र तेजस्वी नारिंगीच्या पुढे नेऊ नये, कारण ते लवकर जळते. पृष्ठभागावरून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या की तेवढा भाग कापून टाकावा लागतो, तो पुन्हा दुरुस्त होत नाही. रंग गडद लालपर्यंत उतरला की हातोडा थांबवून तुकडा पुन्हा तापवावा. रंगाचा अंदाज नसलेल्यांनी लोहचुंबक जवळ ठेवावे : पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासे होते, आणि ही खूण डोळ्यांपेक्षा विश्वासार्ह असते.

लहान कामासाठी सर्वांत सुटसुटीत उपाय म्हणजे दोन उष्णतारोधक फायरब्रिक (भट्टीत वापरायच्या, जास्त तापमान सोसणाऱ्या विटा) आणि एक गॅस टॉर्च. येथे वीट निवडताना चूक होते. घरबांधणीची लाल वीट तडकते. जड, घट्ट फायरब्रिक टिकते खरी, पण आधी स्वतःच बरीच उष्णता पिऊन घेते. हवी ती हलकी, सच्छिद्र, हॅकसॉने सहज कापता येणारी वीट. अशा विटांचा १,२६० अंशांपर्यंत टिकणारा प्रकार या कामाला पुरतो. दोन विटांच्या समोरासमोरच्या बाजूंवर लांबीच्या दिशेने अर्धगोल खाचा कोराव्यात, म्हणजे विटा जोडल्यावर ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचा बोगदा तयार होतो. टॉर्चसाठी बाजूने एक तिरपे भोक पाडावे, जेणेकरून ज्योत थेट धातूवर न आदळता बोगद्याच्या भिंतीला घासून आत गोल फिरेल. बोगद्याची दोन्ही तोंडे पूर्ण बंद करू नयेत, कारण जळालेल्या वायूला वाट मिळाली नाही तर ज्योत मागे फिरते. टॉर्चचे टोक भोकाच्या तोंडाशी, किंचित बाहेरच राहू द्यावे. ते आत खुपसले की त्याला हवा कमी पडते आणि ते स्वतःच तापून खराब होते. विटा कोरताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असल्यामुळे योग्य मास्क लावून, वीट ओलसर करून, उघड्यावर हे काम करावे. अशा जोडणीत ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या सळया चांगल्या तापतात. त्याहून जाड काम लहान टॉर्चवर रेटू नये.

जाड तुकड्यांसाठी लाकडी कोळसा, आणि माझ्या मते शिकण्यासाठीही तोच सर्वांत चांगला. तो जवळजवळ गंधकविरहित असतो आणि त्याला फार जोराचा वाराही लागत नाही. पत्र्याच्या घमेल्यात किंवा जाड फळ्यांच्या मातीने भरलेल्या खोक्यात चिकणमाती व वाळूच्या मिश्रणाचा निमुळता खड्डा करावा आणि एका बाजूने, तळापासून सात-आठ सेंटिमीटर उंचीवर, २० ते २५ मिलिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप आडवा बसवावा. माती पूर्ण वाळू द्यावी. ओली माती एकदम तापली की वाफेने तिचे ढलपे उडतात. अस्तरासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळूचे मिश्रण सुचवले जाते, पण अशा उष्णतेत ते लवकरच भुसभुशीत होते, म्हणून ते टाळलेलेच बरे.

हवेसाठी जुना हेअर ड्रायर थंड झोतावर चालवला तरी पुरतो, किंबहुना तो जास्तच होतो. म्हणून त्याचे तोंड पाइपला घट्ट न जोडता थोडे अंतर राखावे आणि ते अंतर कमी-जास्त करून वारा आवरावा. कोळशाचे तुकडे अक्रोडाएवढे फोडून घ्यावेत. धातू नेमका कुठे ठेवायचा, हा या पद्धतीतला कळीचा भाग आहे. पाइपच्या तोंडासमोर हवेत प्राणवायू भरपूर असतो, त्यामुळे तिथे धातूवर काळ्या खपल्या भराभर धरतात. हवा कोळशातून पाच ते आठ सेंटिमीटर वर चढेपर्यंत तिच्यातला बहुतेक प्राणवायू खर्च झालेला असतो, आणि तिथेच धग सर्वांत उपयोगाची असते. म्हणून धातू त्या उंचीवर आडवा ठेवून त्याच्यावरही कोळशाचा थर द्यावा. टोक खाली करून तो निखाऱ्यात खुपसला, तर टोक जळते आणि मधला भाग थंडच राहतो.

वेल्डिंगसाठी वापरतात त्या ऑक्सि-ॲसिटिलीनची (प्राणवायू व ॲसिटिलीन वायूच्या मिश्रणाची) ज्योत ३,००० अंशांच्या वर जाते, पण ती लहानशा जागेवर एकवटते. एखादा वाक देण्यासाठी ती उत्तम, संपूर्ण तुकडा तापवण्यासाठी खर्चिक, आणि गाभा थंड असतानाच वरचा थर जाळून टाकणारी. लहान इंडक्शन हीटर (विजेच्या तारेच्या वेटोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये, धरलेला धातू चुंबकीय क्षेत्राने तापवणारे यंत्र) सळई पाहता पाहता लाल करतो, मात्र चुंबकत्व गेल्यानंतर तापण्याचा वेग स्पष्टपणे मंदावतो आणि तुकडा कॉइलच्या मापात बसावा लागतो. स्वयंपाकाच्या शेगडीचा विचार करू नये.

जागेची निवड हलक्यात घेऊ नये. कोळसा आणि गॅस दोन्ही जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो, त्याला रंग वा वास नसतो. म्हणून हे काम उघड्यावर करावे, खिडकी उघडी ठेवलेल्या खोलीत नव्हे. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खोलगट जागी साचतो. जस्ताचा मुलामा असलेले पाइप किंवा पट्ट्या कधीही तापवू नयेत : जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याच्या धुराने थंडी-तापासारखा आजार होतो. दोन्ही टोके बंद असलेली पोकळ नळी तापवली तर ती फुटू शकते. नदीतले गोटे आणि उघडे काँक्रीट यांतला ओलावाही तडाखेबंद फुटतो, म्हणून भट्टीखाली कोरडी माती किंवा वाळू असावी. कपडे सुती व पायांत चामड्याचे बंद बूट असावेत, डोळ्यांवर चष्मा असावा. सर्वांत जास्त भाजते ते मात्र काळ्या दिसणाऱ्या लोखंडाने, कारण ४०० अंशांचा तुकडा दिसायला थंड तुकड्यासारखाच असतो. खाली ठेवलेला प्रत्येक तुकडा सांडशीनेच उचलावा.

काम संपवताना गॅस असेल तर आधी सिलिंडरची झडप बंद करावी, नळीतला उरलेला गॅस जळू द्यावा आणि मग टॉर्चची झडप फिरवावी. कोळसा असेल तर धातू आधी बाहेर काढून वारा बंद करावा. जास्त कार्बनचा तुकडा कोरड्या राखेत पुरून सावकाश निवू द्यावा, पाण्यात टाकू नये, नाहीतर तो काचेसारखा ठिसूळ होतो. निखारे राखेखाली कित्येक तास धुमसत राहतात, म्हणून ते झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून हवा तोडावी. असा विझलेला कोळसा पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतो.